गोळ्या काढायच्या आहेत

पुरुष माणूस दुखणं सांगेल, पण दुखण्याची जागा सांगणार नाही. पुरुषांच्या वॉर्डात निम्मी नोकरी घातल्यावर मी हे छातीठोकपणे सांगू शकते. कुठं दुखतंय बाबा, असं विचारलं की उत्तर येतं, खाली. खाली म्हणजे कुठं, तर खालीच जरा. हे ‘जरा’ म्हणजे किती? लघवी तुंबून पोट टम्म फुगलेलं असतं, घरच्यांनी मिळेल त्या जीपमध्ये घालून आणलेलं असतं, नळी घातल्याबरोबर पिशवी भरून जाते, तरी म्हाताऱ्याचं आपलं ‘जरा’च. प्रोस्टेटला आमच्याकडे सगळे ‘पोस्टेट’ म्हणतात. एका आजोबांनी गावी फोन करून सांगितलं की माझं पोस्टाचं ऑपरेशन हाय, तर घरच्यांना वाटलं म्हाताऱ्याचं पोस्टात काही काम निघालं.

नगरच्या एका हॉस्पिटलात मी सिस्टर आहे. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात बसलेलं नगर जाता जात नाही. माझ्या वॉर्डात बरेचसे पेशंट प्रोस्टेटच्या कॅन्सरचे. कुणाची नळी गुठळ्यांनी तुंबलेली, ती सलाईनच्या पाण्यानं धुवत बसायचं. कुणाच्या हाडात दुखणं उतरलेलं, त्याला चादरीसकट लाकडाच्या ओंडक्यासारखं एका दमात कुशीवर करायचं, पाठ पुसायची, पावडर लावायची, परत सरळ करायचं. कुणाला दुखण्याच्या औषधानं शौचाला होत नाही, त्याचं ते बघायचं. हे सगळं झालं की पहिल्या कॉटवाल्याची पिशवी परत भरलेली असते. वॉर्डातले मामा, म्हणजे आमचा वॉर्डबॉय, नेमके त्या वेळी कुठं गडप होतात हे त्यांचं त्यांना ठाऊक. माझे गुडघे गेलेत, पायाच्या शिरा दोऱ्यांसारख्या फुगल्यात. रविवारी चर्चला जायचं म्हणून साडी काढून ठेवते आणि रविवारचीच ड्युटी लागते. देवाला माझी अडचण कळत असेल असं धरून चालते.

पण खरा शीण कामाचा नसतो. कामानं अंग दुखतं, झोपलं की उतरतं. खरा शीण न बोलण्याचा. कॅन्सर म्हणायचं नाही, ‘गाठ’ म्हणायचं. रेडिएशनला ‘शेक’. मरणार का, असं कुणी विचारत नाही, ‘घरी कधी न्यायचं’ असं विचारतात. आणि नळी घालायला मी पडदा ओढला की म्हातारे डोळे गच्च मिटून घेतात, जणू त्यांनी डोळे मिटले की मला दिसायचं बंद होतं. मी पण बोलते, बाबा, मी तुमच्या लेकीसारखी. लेकीसारखी म्हणूनच तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं, हे कळतं मला. पण दुसरं काय म्हणणार?

असे कितीतरी आले आणि गेले. तोंडं सुद्धा आठवत नाहीत आता. पुणतांब्याच्या बाजूचा तो म्हातारा मात्र डोक्यातून जात नाही.

अंगानं काटक, उंच, आवाज असा की नदीच्या ह्या काठावरून त्या काठावरच्या माणसाला हाक मारावी. त्याचं दुखणं मणक्यात उतरलं होतं. काही महिन्यांपूर्वी दुसरीकडे उपचार झाले होते, तिथं दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं होतं. पहिल्या इंजेक्शननं कंबर हलकी झाली, तसा पठ्ठ्या परत गेलाच नाही. मला काय धाड भरलीय, म्हणाला, आणि शेतात पाणी धरायला गेला. मग एके दिवशी बांधावरच बसला तो उठेना. पोरानं उचलून आमच्याकडं आणला. पायातला जोर कमी होत चालला होता, आणि तो पुरता जाण्याआधी काहीतरी करायला हवं होतं. हे पोराला सांगितलं होतं, म्हातारीला सांगितलं होतं. म्हाताऱ्याला एवढंच ठाऊक की गाठ मणक्यात गेलीय.

पोराचं राहात्याला खताचं दुकान. सरळ माणूस, उगाच आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हे. बापाला ‘दादा’ म्हणायचा आणि दादांपुढं मान वर करून बोलायचा नाही. म्हातारी तर दिवसभर कॉटशेजारी खालीच बसलेली, मांडीवर गोळ्यांची पिशवी घेऊन. साखरेची गोळी, ब्लडप्रेशरची गोळी, दुखण्याची, लघवी सुटायची, पोट साफ व्हायची. म्हाताऱ्याचा सगळा राग त्या पिशवीवर. भाकर चतकोर नि गोळ्या पसाभर, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. एकदा मी बघितलं, त्यानं गोळी तोंडात धरली, पाणी प्याला आणि म्हातारीची पाठ वळताच ती हळूच उशीखाली सरकवली. मी दटावलं तर म्हणतो कसा, उशीलाबी साखर हाय, बाई.

अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

राउंडला आमचे तरुण डॉक्टर आले. पोरगा गुणी, कोकणातला, बोलायला मऊ. त्यांनी म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि समजावलं, बाबा, आपण एक छोटं ऑपरेशन करू, गोळ्या काढून टाकू, म्हणजे दुखणं लवकर उतरेल. म्हाताऱ्याचा पोरगा शेजारी उभा होता, तो घाईघाईनं हो हो म्हणाला. म्हाताऱ्याचं तोंड असं उजळलं की काय सांगू. काढा की, म्हणाला, लई बरं हुईल, जीव नुसता वैतागलाय त्यांना. डॉक्टरही हसले, पाठ थोपटून पुढच्या कॉटकडं गेले. मग कागदावर म्हाताऱ्याची सही झाली.

आता इथं सांगायला हवं. ह्या दुखण्याला पुरुषपणाचा जो रस असतो, तो खतासारखा लागतो. तो रस बंद केला की दुखणं वाळायला लागतं. तो बंद करायचे दोन रस्ते. एक ते तीन महिन्यांचं इंजेक्शन, जन्मभर, न चुकता. दुसरा म्हणजे तो रस जिथं तयार होतो ते अंडकोशातले दोन गोळे एकदाचे काढून टाकायचे. ह्या गोळ्यांना आमच्याकडं सगळेच ‘गोळ्या’ म्हणतात. डॉक्टर म्हणतात, मी म्हणते, मामा म्हणतात. दुसरे शब्द आहेत, नाहीत असं नाही, पण एक पुस्तकातला आणि बाकीचे शिवीतले. म्हणून गोळ्या. ऐकणाऱ्यालाही बरं, सांगणाऱ्यालाही बरं.

त्या दुपारी म्हातारा नुसता रंगात आला. शेजारच्या कॉटवाल्याला हाका मारून सांगतोय, उद्या आपल्या गोळ्या काढत्यात, सुटलो. पलीकडच्याला म्हणतोय, तुमीबी सांगा डाक्टरला, तुमच्याबी काढतील, उगा कशाला बाळगायच्या. शेजारच्या बिचाऱ्याचं हेच ऑपरेशन झालेलं, तो भिंतीकडं तोंड करून पडला होता, त्यानं चादर डोक्यावर ओढून घेतली. मामा तर हसून हसून बाहेर गेले. मला वाटलं, काय छातीचा माणूस आहे. इतके पुरुष बघितले, ह्या ऑपरेशनचं नाव निघालं की तोंडं उतरतात, कुणी रडतं, कुणी बायकोवर खेकसतं. आणि हा गडी चेष्टा करतोय. चहाला गेल्यावर मी बाकीच्या सिस्टरांना कौतुकानं सांगितलं सुद्धा. संध्याकाळी त्यानं म्हातारीचा हात ढकलून दिला, म्हणाला, आता कशाला गोळ्या, उद्या तर काढायच्यात. म्हातारी हसली नाही. गोळी तळहातावर घेऊन तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तयारी करायची होती. ऑपरेशनच्या जागेचे केस काढायचं काम खरं तर मामांचं, पण मामा नेहमीसारखे गडप, आणि थिएटरातून म्हाताऱ्याला पाठवा असा निरोप आलेला. म्हटलं, चला, आपणच करू, कुणाची वाट बघता. पडदा ओढला, ट्रे ठेवला, बाबांना सांगितलं पाय जरा लांब करा. त्यांनी डोळे मिटले. मी साबण लावला आणि त्यांनी एकदम डोळे उघडले.

“बाई, मनका तर पाठीत हाय. मंग हितं कशाला?”

मी काम न थांबवता म्हटलं, “गोळ्या काढायच्यात ना, बाबा.”

“व्हय, पर गोळ्या तर तिच्या पिशवीत हायेत.”

माझ्या हातातला वस्तरा तसाच राहिला. आधी मला हसूच येणार होतं. मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस चेष्टा करत नाहीये. त्यानं कालही चेष्टा केली नव्हती. ह्याला मणक्याचं काहीतरी छोटं ऑपरेशन होणार आणि त्यानंतर ह्याच्या साखरेच्या आणि दुखण्याच्या गोळ्या बंद होणार, एवढंच ह्याला कळलं होतं. गोळ्या काढा म्हणजे गोळ्या बंद करा. चुकलं कुठं त्याचं? मराठीच बोललो होतो आम्ही.

मी वस्तरा ट्रेमध्ये ठेवला, साबण पुसला, चादर कमरेपर्यंत ओढली आणि आलेच म्हणून बाहेर आले.

पोरगा व्हरांड्यात उभा होता, म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. मी सरळ विचारलं, ह्यांना कुणी नीट सांगितलंय का काय काढणार ते? पोरगा मला बाजूला घेऊन हात जोडायला लागला. म्हणाला, सिस्टर, काल मला कळलं होतं दादांचा घोळ झालाय ते, पण घोळ झालाय तर झालाय. सांगितलं तर ते नाही म्हणतील. इंजेक्शनला ते यायचे नाहीत, एकदा बघितलंय आपण. मग पाय जातील. आता होऊन जाऊ द्या, नंतर काय शिव्या घालायच्या त्या मला घालू द्या. म्हातारीनं माझ्या साडीचा काठ धरला. म्हणाली, “नगा सांगू बाई. मीच त्याला म्हनले हुते, बोलू नको म्हनून. त्यांची मर्दानगी घिऊन मी काय करू? मला त्ये मानूस पायजे.”

खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, आपण कोण मधे पडणारे. घरचे आहेत, जीव लावणारे आहेत, वाईट कुणाच्याच मनात नाही. आपण गप बसावं, ट्रॉली आली की पाठवून द्यावं. दमलेल्या माणसाला गप बसणं फार सोपं जातं. पण उद्या सकाळी त्याची पट्टी बदलायला मीच जाणार होते. पट्टी सुटल्यावर तो खाली बघणार आणि मग माझ्याकडं बघणार. ते मला झेपलं नसतं. मी म्हातारीचा हात सोडवला. चिडूनच म्हणाले, अंग त्यांचं आहे, त्यांना कळायला नको का? तोडून बोलले मी, पण त्या वेळी मला गोड बोलणं सुचत नव्हतं.

थिएटरात निरोप दिला. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला हात धुऊन उभे होते. त्यांनी तिथूनच कळवलं की समजून हो म्हणाले तरच आणा, नाही तर इंजेक्शन देऊ, जबरदस्ती नाही. आणि सिस्टर, तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून परत ‘गोळ्या’च येईल. माणूस प्रामाणिक, म्हणून मला आवडतो.

मी स्टूल ओढून कॉटजवळ बसले. आम्ही सिस्टर लोक पेशंटजवळ बसत नाही, वेळ कुठं असतो. मी बसल्याबरोबर त्याच्या लक्षात आलं की काहीतरी आहे. मी सुरुवात केली, बाबा, गोळ्या म्हणजे औषधाच्या नव्हेत. मग पुढं गाडी अडली. पुस्तकातला शब्द म्हणून पाहिला, त्याला कळला नाही. अंडकोश म्हटलं, तर तो म्हणाला अंडी मी खात न्हाई. घामानं माझी पाठ भिजली. शेवटी मी माहेरचा शब्द काढला. राहात्याजवळच्या आमच्या खेड्यात घरात येशूची तसबीर होती आणि दारात बैलही होते. चुलत्यांच्या तोंडचा तो शब्द मी लहानपणी ऐकलेला. गोऱ्ह्याचा बैल करायचा असला की त्याला खाली पाडून काय करतात, ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

“बाबा,” मी म्हटलं, “बैल बडवतात ना, तसं. चेचणार नाहीत, भूल देऊन काढणार.”

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मग वर पंख्याकडं. चादर हळूहळू छातीपर्यंत ओढून घेतली. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, त्यानं हळूच विचारलं, पोराला ठावं हाय का? मी हो म्हटलं. म्हातारीला? मी उगाच चादरीचा काठ नीट करायला लागले, त्यातच त्याला काय ते कळलं. समद्यांना ठावं, म्हणाला, फकस्त मलाच न्हाई.

मी मग सगळं सांगितलं, काही न लपवता. ही गाठ म्हणजे कॅन्सर आहे. तो मणक्यात आहे. इंजेक्शननंही हेच काम होतं, पण चुकवून चालत नाही. ऑपरेशन केलं तर परत परत यायला नको. आवाज बायकी होणार नाही, मिशी जाणार नाही, अधूनमधून अंगातून वाफा निघाल्यासारखं होईल, थोडी ताकद कमी होईल. नाही म्हणायचा तुम्हाला पुरा अधिकार आहे, कुणी काही बोलणार नाही, बोललं तर मी आहे. तो ऐकत होता की नाही कुणास ठाऊक. त्यानं एकच विचारलं, उभं ऱ्हाता येईल का? मी म्हटलं, खात्री देत नाही, पण बरीच आशा आहे. न्हाई केलं तर? पाय जातील बहुतेक, मी म्हटलं.

“म्हंजे सुनंनं माझं हागनं-मुतनं काढायचं.”

त्यानं मला जा म्हणून हात केला.

बाहेर थिएटरवाल्यांनी तगादा लावला होता. तुमचा पेशंट येतोय का, नाही तर पुढचा घेतो. मी म्हटलं, घ्या पुढचा. कोपऱ्यातल्या पेशंटची नळी तुंबली होती, ती धुवायला बसले. पाणी आत सोडायचं, परत ओढायचं, गुठळ्या येतात का बघायचं, परत सोडायचं. हात आपोआप चालत होते. मनातून मी सगळ्यांवर चिडले होते. त्या पोरावर, त्या गोड बोलणाऱ्या डॉक्टरवर, वेळेवर गायब होणाऱ्या मामांवर, आणि ह्या आमच्या भाषेवर सुद्धा, जिच्यात माणसाच्या अंगाचं नाव घ्यायचं तर एक तर संस्कृत बोलावं नाही तर शिवी द्यावी. पोरगा व्हरांड्यातून माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तिथं नुसती भीती होती. बाप नाही म्हणाला, पाय गेले, तर हा माणूस जन्मभर मला विसरणार नव्हता. मी तरी मला विसरले असते का? खरं बोलल्याचं पुण्य लागतं म्हणतात. मला त्या दिवशी नुसती छातीत धडधड लागली होती.

नळी मोकळी झाली. हात धुतले. पडद्याआडून म्हाताऱ्यानं हाक मारली, नेहमीच्या आवाजात नाही, पण सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी.

गेले तर तो पाय लांब करून पडला होता. म्हणाला, वस्तरा आना. मी म्हटलं, बाबा, नीट विचार करा, इंजेक्शन आहे अजून. त्यानं मान हलवली. म्हणाला, “इंजेक्शनला मी येनार न्हाई, माझं मला ठावं हाय. चार दिस बरे गेले की मी कुनाच्या बापाचं ऐकत न्हाई. काढून टाका.”

मी कामाला लागले. ह्या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. छताकडं बघत पडून राहिला. माझं होत आलं तेव्हा म्हणाला, “बाई, एक करा. पोराला सांगा, मला न्हेताना म्होरं थांबू नको.”

मला वाटलं, झालं, राग धरला ह्यानं. मी समजूत घालायला लागले. म्हटलं, बाबा, लेकरानं तुमच्या जिवापायीच केलं, रात्रंदिवस पायाशी बसलाय, त्याला असं तोडू नका. म्हाताऱ्यानं मला हातानं थांबवलं.

“तसं न्हाई, बाई. आमच्याकडं गोऱ्हा बडवताना धनी म्होरं उभा ऱ्हात न्हाई. त्यानं पाठ करायची. म्होरं दिसला, की जनावर जलमभर डूख धरतं. मला माझ्या पोरावर डूख धरायचा न्हाई.”

उगाच विचारायचं म्हणून विचारलं, आणि आजींचं काय? तेव्हा कुठं त्याच्या तोंडावर थोडं हसू आलं. तिच्यावर डूख धरून जानार कुठं मी, म्हणाला, येऊ द्या तिला संगं.

ट्रॉली आली. मामाही उगवले, काम संपल्यावर उगवायचे तसे. मी पुढं होऊन व्हरांड्यात गेले. पोरगा ट्रॉलीला हात लावायला पुढं येत होता, मी त्याला थांबवलं. म्हटलं, ते हो म्हणालेत, सगळं समजून. पण तुम्हाला पाठ करून उभं राहायला सांगितलंय.

त्याला का म्हणून विचारावं लागलं नाही. खताच्या दुकानात बसत असला तरी पोरगा गोठ्यातच वाढलेला होता. तो लांब खिडकीपाशी गेला, दोन्ही हातांनी गज धरले आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. म्हातारी ट्रॉलीचा दांडा धरून चालत होती. खिडकीजवळून जाताना म्हाताऱ्यानं मान वळवून बघितलं. पोराचे खांदे गदगदत होते, पण तो वळला नाही. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि मामांना म्हणाला, चला.